औषध सोडणाऱ्याचा हिशेब

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपल्याकडे कृतघ्न माणसाला उद्देशून वापरली जाते. दुखणे होते तोवर वैद्याच्या दारात ताटकळणारा माणूस बरे वाटताच त्याचे नावही काढीत नाही, असा तिचा रोख. परंतु दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांच्या बाबतीत या म्हणीत निंदेपेक्षा वस्तुस्थितीचे वर्णनच अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घ मुदतीच्या उपचारांसंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. प्रगत देशांतदेखील अशा आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे त्यात नमूद केले होते. रक्तदाब, मधुमेह, दमा, कोणताही आजार घेतला तरी चित्र थोड्याफार फरकाने हेच दिसते. नैराश्याच्या आजारावरील गोळ्या याला अपवाद नाहीत. किंबहुना येथे औषध सोडण्याला आणखी काही कारणे येऊन मिळतात, आणि ती बहुधा चारचौघांत बोलली जात नाहीत.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा जाणकार नव्हे. अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. कोणते औषध कोणी किती दिवस घ्यावे, हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही, आणि हा लेख वाचून कोणी चालू असलेले औषध बंद करू नये, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. परंतु माणसे एखादा निर्णय का घेतात, कोणती माहिती हाताशी असताना घेतात आणि तो चुकला तर त्याची किंमत कोण मोजते, हे अर्थशास्त्राचे नित्याचे प्रश्न आहेत. औषध सोडणाऱ्या रुग्णाला बेशिस्त, अडाणी वा दुबळ्या मनाचा ठरवून आपण मोकळे होतो. त्याने मनाशी केलेला हिशेब मात्र कोणी तपासत नाही. तो तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

काही वर्षांपूर्वी संख्याशास्त्र शिकविणारे माझे एक सहकारी हळूहळू वर्गावर जाईनासे झाले. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, फळ्यासमोर उभे राहिले की शब्द सुचेनात. मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्यांचा गुण आला आणि दोन-अडीच महिन्यांत ते पूर्ववत शिकवू लागले. पुढे तीन वर्षे गोळी चालू राहिली. मग एका दिवाळीच्या सुटीत त्यांनी ती बंद केली. डॉक्टरांना सांगितले नाही, घरातही नाही. सुरुवातीचे काही दिवस डोके जरा हलके होई, स्वप्ने फार पडत. पण ते थांबले आणि त्यानंतरचे दोन महिने फार चांगले गेले. सकाळची गुंगी गेली, वजन उतरू लागले. फेब्रुवारीअखेर आजार उलटला, आणि पहिल्यापेक्षा जोराने उलटला. त्यांच्या पत्नीला कपाटात पुस्तकांच्या मागे गोळ्यांच्या अकरा न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. कोणाला संशय येऊ नये म्हणून हे गृहस्थ दर महिन्याला नेमाने गोळ्या विकत आणीत होते! तेवढा खर्च त्यांनी पत्करला. पण 'का बंद केली?' हा एक प्रश्न पत्करला नाही. बरे झाल्यावर ते मला म्हणाले, "मी काही लहर म्हणून सोडली नव्हती. व्यवस्थित हिशेब केला होता."

त्यांच्या या वाक्याने मला विचारास लावले. कारण तो हिशेब खरोखरच व्यवस्थित होता. त्याच्या वहीत काही रकाने मात्र नव्हते.

पहिली गोष्ट काळाची. या औषधांचा गुण दिसावयास साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. मळमळ, अस्वस्थता, झोपेतील बिघाड इत्यादी त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. म्हणजे खर्च आधी आणि प्राप्ती नंतर. पहिल्याच महिन्यात औषध टाकून देणारे बहुतेक रुग्ण या उंबरठ्यावरून परत फिरलेले असतात. परंतु वर्षानुवर्षे गोळी घेतलेला माणूस ती सोडतो तेव्हा हाच क्रम उलटा होतो. सोडल्यावरचा सुरुवातीचा त्रास नसला वा ओसरला, की औषधाच्या जाचातून सुटका झाल्याचा आनंद लगेच मिळतो. आजार उलटावयाचाच असेल तर तो काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उलटतो. दिवाळीत सोडलेल्या गोळीचा आणि फेब्रुवारीत आलेल्या आजाराचा संबंध कोण जोडणार? दोष परीक्षेच्या कामावर, घरच्या कटकटीवर किंवा नशिबावर जातो. तात्काळच्या लाभाला माणूस अधिक मोल देतो आणि दूरच्या हानीला कमी, हा मनुष्यस्वभावाचा धर्म विद्यार्थ्यांना आम्ही व्याजाच्या प्रकरणात शिकवितो. तो येथेही लागू पडतो.

दुसरी गोष्ट दिसण्या-न दिसण्याची. गोळीचा खर्च रोजच्या रोज डोळ्यांसमोर असतो. ती रोज आठवणीने घ्यावी लागते, रोज आजाराची आठवण करून देते. तिचा लाभ मात्र न घडलेल्या गोष्टीच्या रूपात असतो. जो आजार परत आला नाही, तो कोणाला दिसत नाही. धरणाने अडविलेला पूर कोणाच्या लक्षात राहत नाही, धरणाखाली गेलेली जमीन मात्र पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहते. तसेच हे आहे. शिवाय ताप उतरला की औषध बंद, हा आपला बाळपणापासूनचा संस्कार. 'बरे वाटते, मग गोळी कशाला?' हा प्रश्न त्या संस्कारातून आलेला असतो. तो मूर्खपणाचा मुळीच नाही. बरे वाटते ते गोळी चालू आहे म्हणून, की आजार सरला म्हणून, हे घरबसल्या सांगता येत नाही. डॉक्टरलाही ते खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच पहिल्यांदा आजारी पडलेल्याने बरे वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे आणि पुन्हा पुन्हा आजार उलटणाऱ्याने त्याहून दीर्घकाळ ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत वैद्यकाने पाळला आहे.

तिसरी गोष्ट न बोलल्या जाणाऱ्या खर्चाची. या गटातील अनेक औषधांनी कामेच्छा मंदावते. काहींनी वजन वाढते, घाम येतो, दिवसभर सुस्ती राहते. कित्येक जण सांगतात की दुःख बोथट झाले खरे, पण त्यासोबत सुखही बोथट झाले. मुलीच्या लग्नात डोळ्यांत पाणी आले नाही, आवडते गाणे ऐकून काही हलले नाही. रांगेत पन्नास रुग्ण बसलेले असताना, सोबत आलेल्या वडिलांच्या किंवा सासूच्या देखत, तिशीतला पुरुष वा स्त्री शयनगृहातील तक्रार कशी सांगणार? डॉक्टर विचारीत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. जी तक्रार डॉक्टरच्या कानावर घातली असती तर मात्रा कमी करून वा औषध बदलून कदाचित मिटली असती, तीच औषध कायमचे सोडण्याचे कारण होते.

चौथी गोष्ट प्रतिष्ठेची. रक्तदाबाची गोळी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली जाते. नैराश्याची कपाटात, पुस्तकांमागे. 'वेड्याच्या गोळ्या' हा शब्द घराघरांतून अद्याप गेलेला नाही. लग्न ठरते आहे म्हणून, बढतीच्या वेळी वैद्यकीय तपासणी आहे म्हणून, परगावी पाहुण्यांकडे आठ दिवस राहावयाचे आहे म्हणून गोळ्या बंद झाल्याची उदाहरणे पुष्कळांच्या पाहण्यात असतील. दिवस राहिल्याचे कळताच अनेक स्त्रिया पोटातील मुलाच्या काळजीने त्याच दिवशी गोळी थांबवितात. काही औषधांबाबत ती काळजी सकारण असते, परंतु एकाएकी थांबविण्यातही आईला आणि म्हणून मुलालाही धोका असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. याखेरीज 'जन्मभर कुबडी घेऊन चालायचे का?', 'मन खंबीर कर म्हणजे झाले' हा आप्तांचा सल्ला चोहोंकडून येत असतो. मोडलेल्या पायाला असा सल्ला कोणी देत नाही. आणि या सर्वांच्या तळाशी एक प्रामाणिक प्रश्न असतो. आज मी शांत आहे तो माझ्या स्वभावाने की गोळीमुळे? गोळीवाचून मी कसा आहे? तीन-तीन, पाच-पाच वर्षे औषध घेतलेल्या माणसाला हे जाणून घ्यावेसे वाटले, तर त्यात गैर काय आहे?

पाचवी गोष्ट पैशाची आणि वेळेची. या गोळ्यांच्या साध्या प्रकारांची किंमत आज मध्यमवर्गीयाला जड नाही. परंतु तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जाण्याचे एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचे भाडे, बुडालेली मजुरी आणि दोन मिनिटांच्या भेटीसाठी गेलेला अख्खा दिवस, ही औषधाची खरी किंमत होय. देशात दर एक लाख लोकसंख्येमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ, असा २०१९ मधील अंदाज होता. आणि तेही बहुतांशी शहरांत. साहजिकच पुष्कळ रुग्ण जुनीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणीत राहतात. एक दिवस चिठ्ठी फाटते, दुकानदार नको म्हणतो किंवा पैसे पुरत नाहीत, आणि उपचार आपोआप संपतो. त्याला निर्णय म्हणणेही कठीण आहे.

सहावे कारण अलीकडचे आहे. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य कमी पडल्याने नैराश्य येते आणि गोळी ती तूट भरून काढते, असे स्पष्टीकरण रुग्णांना वर्षानुवर्षे दिले गेले. २०२२ साली जोआना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन या समजुतीला सुसंगत पुरावा नसल्याचे दाखविले आणि जगभर मथळे झळकले. कारणच खोटे निघाले, मग औषध तरी खरे कशावरून, असा संशय अनेकांना आला. येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. औषध का लागू पडते हा एक, आणि लागू पडते की नाही हा दुसरा. या औषधांचा इतिहासच असा की गुण आधी दिसला आणि उपपत्ती मागाहून आली. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ मध्ये क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देण्यात आले, तेव्हा ते रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. दुसऱ्याच मनोविकारासाठी तपासल्या जाणाऱ्या इमिप्रामिनचा उपयोग नैराश्यावर होतो, हे स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी १९५७ मध्ये मांडले. पुढे २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. तीत तपासलेली सर्व २१ औषधे औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरली. अर्थात तो सरसपणा माफक होता. डोकेदुखी गोळीने थांबते, म्हणून डोकेदुखी त्या गोळीच्या अभावाने झाली असे कोणी म्हणत नाही. परंतु सोयीसाठी सांगितलेली अर्धसत्ये कधी ना कधी अंगावर येतात आणि त्यांची किंमत विश्वासाच्या रूपाने मोजावी लागते, हा धडा वैद्यकाने घ्यावा असाच आहे.

ही सहा कारणे एकत्र पाहिली म्हणजे औषध सोडणारा माणूस अविवेकी नसतो, हे मान्य करावे लागते. त्याच्या हाती जी माहिती आहे तिच्या आधारे तो विवेकानेच वागतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकसेवेच्या बाजाराविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि म्हणून सारा व्यवहार विश्वासावर उभा असतो, असे त्याचे एक प्रमुख प्रतिपादन होते. येथे मात्र माहितीची तूट दुहेरी आहे. आजाराची माहिती डॉक्टरकडे असते, तर औषधासह जगण्याची माहिती केवळ रुग्णाकडे असते. दोघे एकमेकांना ती देत नाहीत, आणि दोघांचेही हिशेब चुकतात.

मग रुग्णाच्या वहीत कोणते रकाने हवे होते? पहिला, आजार उलटण्याच्या शक्यतेचा. इंग्लंडमध्ये झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ औषध घेणारे, बरे वाटत असलेले आणि ते थांबविण्याचा विचार करणारे ४७८ रुग्ण तीत होते. निम्म्यांचे औषध चालू ठेवले. उरलेल्यांचे, त्यांच्या नकळत, क्रमाने कमी करून थांबविले. वर्षअखेर औषध चालू असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार पुन्हा झाला. थांबविलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावयास हवेत. औषध सोडल्याने धोका निश्चित वाढतो. परंतु सोडणाऱ्या शंभरांतील ४४ जण वर्षभर सुखरूप राहिले आणि घेणाऱ्या शंभरांतील ३९ जणांना औषधही वाचवू शकले नाही. 'सोडलेत तर संपलात' ही धमकी जितकी खोटी, तितकीच 'काही होत नाही' ही बेफिकिरीही खोटी.

दुसरा रकाना सोबतीचा. ज्यांना तीन वा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते अशा ४२४ रुग्णांवरील एक ब्रिटिश चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. एका गटाने औषध चालू ठेवले. दुसऱ्या गटाला मनाच्या सजगतेचे आठ आठवड्यांचे शिक्षण देऊन औषध कमी करण्यास साहाय्य करण्यात आले. दोन वर्षांत पहिल्या गटातील ४७ टक्क्यांना आणि दुसऱ्यातील ४४ टक्क्यांना आजार उलटला. म्हणजे लक्षणीय असा फरक पडला नाही. दोन निराळ्या चाचण्यांची थेट तुलना करता येत नाही, हे खरे. तरीही सोबतीने औषध सोडणे आणि चोरून सोडणे यांत अंतर असावे, असे मानावयास यात पुरेसा आधार आहे.

तिसरा रकाना सोडण्याच्या रीतीचा. औषध एकाएकी थांबविले तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास काहींना होतो. २०२४ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये आलेल्या एका व्यापक आढाव्यानुसार औषध थांबविणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी अशी लक्षणे सांगितली. पण औषधहीन गोळी थांबविणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांनी सांगितली. म्हणजे साधारण सहा-सात जणांत एकाला औषध थांबल्यामुळेच त्रास होतो, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. हा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो. आजार उलटावयास सामान्यतः अधिक काळ लागतो. ज्याला हा भेद ठाऊक नाही, तो चक्कर आली की 'आजार परतला' म्हणून घाबरतो, किंवा 'गोळीचे व्यसन लागले' म्हणून खचतो.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला एक नियम भेटतो. पाण्याचा पहिला पेला तहानलेल्याला अमृत वाटतो, पाचवा नकोसा होतो; यालाच आम्ही घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतो. या औषधांचे मेंदूवरील कार्यही काहीसे तसेच चालते, असे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आले आहे. पहिल्या काही मिलिग्रॅमचा परिणाम फार मोठा असतो आणि पुढे प्रत्येक मिलिग्रॅमचा परिणाम घटत जातो. त्यामुळे २० वरून १० वर येणे सोपे जाते, परंतु ५ वरून शून्यावर येणे म्हणजे जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या गाळून खाली उडी मारणे होय. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली हाच मुद्दा मांडून शेवटच्या पायऱ्या अधिकाधिक लहान कराव्यात, असे सुचविले. औषधागणिकही भेद आहेत. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जाते, तर पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन त्वरित जातात व अधिक त्रास देतात. अशी औषधे 'एक दिवसाआड' घेऊन सोडण्याची आपल्याकडील घरगुती पद्धत म्हणूनच घातक ठरू शकते. या सर्व गोष्टी रुग्णाने स्वतः शोधून काढाव्यात, अशी अपेक्षा कशी करता येईल?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. इंग्लंडमध्ये २०१७-१८ या एका वर्षात ७३ लाख लोकांना, म्हणजे प्रौढांपैकी सुमारे १७ टक्क्यांना, ही औषधे दिली गेली. तेथे औषध थांबविण्याची चर्चा शोभते. आपल्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. जेथे औषध सुरूच होत नाही, तेथे ते थांबविण्याची भाषा कशाला? तिने लोक अधिकच बिचकतील.

मला याच्या नेमके उलट वाटते. उपचारासाठी न जाणाऱ्यांना कारण विचारून पाहावे. 'एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत' हे वाक्य हमखास ऐकावयास मिळते. ज्या व्यवसायातून बाहेर पडण्याची वाट बंद असते, त्यात नवे भांडवल शिरत नाही, हे आम्ही उद्योगांच्या संदर्भात सांगतो. बाहेर पडण्याची वाट ज्याला दिसते, तो आत पाऊल टाकावयास कमी भितो. औषध केव्हा आणि कसे थांबवावयाचे याचा खुलासा पहिल्याच भेटीत झाला, तर अधिक लोक उपचार सुरू करतील आणि सुरू केलेले अधिक लोक ते नीट पूर्ण करतील. जेथे डॉक्टर कमी आहेत, तेथे तर हा खुलासा दुप्पट मोलाचा, कारण चुकलेला हिशेब दुरुस्त करावयास दुसरी भेट मिळेलच असे नाही.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज आहे असेही नाही. चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि मात्रा जशी लिहिली जाते, तशी 'फेरविचाराची तारीख' लिहावी. ब्रिटनमधील २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकाळ औषध घेणाऱ्याच्या उपचारांचा निदान सहा महिन्यांनी आढावा घ्यावा, असे सांगितले आहे. आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला हा दंडक घालून घेण्यास हरकत नसावी. 'गोळ्या वेळेवर घेता ना?' या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी 'गेल्या महिन्यात किती गोळ्या राहिल्या?' असे सहजपणे विचारले, तर खरे उत्तर येण्याचा संभव अधिक. औषध कंपन्यांनी कमी मात्रेच्या गोळ्या आणि पातळ औषधे सर्वत्र उपलब्ध करून दिली पाहिजेत. आणि डॉक्टर कमी म्हणून सोबतही कमी असली पाहिजे, असे नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने एक प्रकल्प राबविण्यात आला. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात प्रशिक्षित बिगर-डॉक्टर समुपदेशकांनी दिलेल्या अल्पकालीन उपचारांचा तीव्र नैराश्यातही उपयोग होतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. औषध कमी करीत असलेल्या माणसाची पंधरा दिवसांनी विचारपूस करणे, एवढे काम या मनुष्यबळाकडून सहज होण्यासारखे आहे.

अर्थात काहींनी औषध सोडण्याचा विचार फार सावधपणे करावयास हवा. ज्यांना आत्मघाताचे विचार येऊन गेले आहेत, ज्यांचा आजार पुन्हा पुन्हा व तीव्रपणे उलटतो किंवा ज्यांच्यात नैराश्याबरोबर उन्मादाचीही लहर येते, त्यांच्यासाठी दीर्घकाळचे, कदाचित कायमचे औषध हाच शहाणपणाचा हिशेब असू शकतो. मधुमेही इन्शुलिन घेतो त्याहून त्यात अधिक कमीपणा नाही. कोणी सोडावे आणि कोणी सोडू नये, याचे एकच उत्तर नाही. आणि म्हणूनच उत्तर एकट्याने, गुपचूप काढावयाचे नसते.

घरच्या मंडळींनाही येथे एक काम आहे. रुग्णावर पहारा ठेवणे आणि गोळ्या मोजणे याने औषध पोटात जाते की पुस्तकांमागे, याची हमी मिळत नाही. माझ्या सहकाऱ्यांच्या घरी पहारा नव्हता; पण 'मला ही गोळी आता नकोशी झाली आहे' हे वाक्य उच्चारण्याची सोयही नव्हती. ते वाक्य त्या दिवाळीत एकदा बोलले गेले असते, तर कदाचित गोळी चालू राहिली असती, कदाचित सावकाश कमी झाली असती. अकरा पट्ट्यांचा तो ढीग मात्र साठला नसता. ते पुन्हा शिकवू लागले, निवृत्तही झाले. आज ते गोळी घेतात की नाही हे मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेलेही नाही. मात्र घेत असोत वा नसोत, त्यांच्या पत्नीला आणि डॉक्टरांना ते ठाऊक आहे, एवढे त्यांनी मला आपणहून सांगितले. त्यांच्या हिशेबातील राहून गेलेला रकाना तोच होता.